फ्रीबीएसडीच्या लिबथरमध्ये हात घालण्याआधी

एक म्यूटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला पुढे जाऊ देणारं कुलूप; थ्रेड म्हणजे प्रोग्रॅममधला स्वतंत्र चालणारा कामाचा धागा) घ्या, तो न सोडता दोनदा लॉक करा आणि दोन्ही वेळचं उत्तर छापा. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या थ्रेडिंग लायब्ररीवर, म्हणजे लिबथरवर, काम करायचंय म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हा दहा ओळींचा सी प्रोग्रॅम लिहायला लावतो. मीही तिथूनच सुरुवात केली होती.

थ्रेडिंग लायब्ररी जोडणारा पीथ्रेड फ्लॅग न देता कंपाइल केला तेव्हा मला दोन्हीदा ० मिळालं. फ्लॅग दिल्यावर दुसऱ्या वेळी ११ आलं. लिनक्सच्या सवयीने मी ११ म्हणजे ईअगेन (‘पुन्हा प्रयत्न करा’ सांगणारा एरर) धरलं आणि अर्धा दिवस भलत्याच फाइली चाळल्या. फ्रीबीएसडीत ११ म्हणजे ईडेडएलके, ‘असं केलंत तर कायमचे अडकाल’ सांगणारा एरर. ईअगेनचा आकडा इथे ३५ आहे.

फ्लॅग नसताना लिबसीमधली (सीच्या मूळ लायब्ररीतली) नुसती नावापुरती फंक्शनं उत्तर देतात, लॉक लागतच नाही. लिबसीचा कोड थ्रेड असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही प्रोग्रॅमना चालवायचा असतो. एकट्या थ्रेडने लॉकचा खर्च उगाच का सोसावा? लिबथर आली की खरे लॉक लागतात. आणि इथला डिफॉल्ट म्यूटेक्स चूक तपासणारा असल्याने अडकून न पडता तक्रार करतो. लिबसी आणि लिबथर यांच्यामधली ही सीमा ज्याला दिसली, त्याचं निम्मं काम झालं.

इतिहासही वाचाच. लिबसी_आर या जुन्या थ्रेडिंग लायब्ररीमध्ये सगळे थ्रेड एकाच प्रोसेसच्या पोटात फिरायचे, त्यामुळे मशीनमध्ये चार सीपीयू असले तरी एकच वापरात यायचा. मग केएसई ही लायब्ररी आली: प्रोग्रॅमचे अनेक थ्रेड, कर्नलकडे (सिस्टिमच्या गाभ्याकडे) त्याहून कमी. फ्रीबीएसडी ५.३ मध्ये ती डिफॉल्ट झाली. शेजारीच एका थ्रेडला कर्नलचा एक थ्रेड देणारी साधी लिबथर वाढत होती; २००८ च्या ७.० मध्ये तिने जागा घेतली आणि ८.० मध्ये केएसई गेली. मधल्या काळात कोणत्या लायब्ररीऐवजी कोणती वापरायची हे सांगणाऱ्या लिबमॅपच्या फाइलीत एक ओळ लिहून, प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल न करता लायब्ररी बदलता यायची. तीच बायनरी दोन्हींवर चालवून मोजता येणं, ही सोय मला फार मोलाची वाटते.

बेसमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या मूळ संचात, असण्याची खरी जबाबदारी मात्र जुन्या बायनरी चालत ठेवण्याची. इथे पीथ्रेड म्यूटेक्सचा प्रकार म्हणजे फक्त एक पॉइंटर (मेमरीतला पत्ता), ६४ बिटवर ८ बाइट. लोकांच्या प्रोग्रॅममध्ये हे माप कायमचं कोरलं गेलंय. दोन प्रोसेसना एकच म्यूटेक्स वापरायचा असेल तर एकीचा पॉइंटर दुसरीला निरुपयोगी. २०१६ च्या ११.० मध्ये यावर तोड निघाली: माप तेच, पॉइंटरच्या जागी एक खूण, आणि खरा लॉक कर्नल शोधून देईल अशा वेगळ्या पानावर. हा कोड सावकाश वाचा, एका बैठकीत संपवू नका.

बदल केलात की लगेच इन्स्टॉल करू नका. लायब्ररी कुठे शोधायची हे सांगणारा एलडी लायब्ररी पाथ आपल्या बिल्डकडे वळवून आधी टेस्ट प्रोग्रॅम चालवा, मग क्यूआ या टेस्ट चालवणाऱ्या साधनाने लिबथरच्या टेस्ट. झेडएफएस फाइल सिस्टिम असेल तर बीईसीटीएल कमांडने बूट एन्व्हायर्नमेंट (गरज पडली तर जिच्यातून बूट करता येईल अशी सिस्टिमची प्रत) काढून ठेवा. मी एकदा हे सगळं टाळलं आणि थ्रेड वापरणारा एकही प्रोग्रॅम उठेना. साधं एसएच थ्रेडवर अवलंबून नाही म्हणून शेल मिळालं. रेस्क्यू डिरेक्टरीतल्या स्टॅटिक (बाहेरच्या लायब्ररीशिवाय चालणाऱ्या) कमांड वापरून जुनी लायब्ररी परत जागेवर ठेवली.