वाचवलेले पैसे कर्जापर्यंत पोचतात का? कर्ज फेडायची माझी पद्धत

कर्ज फेडायचंय म्हटलं की सगळे एकच सांगतात, खर्च कमी कर. मीपण केला की, जवळजवळ वर्षभर, बाहेरचं खाणं बंद, नवीन कपडे बंद, फिरणं बंद, आणि वर्ष संपताना स्टेटमेंट उघडून बघितलं तर बाकी जवळपास तेवढीच. मग वाचवलेलं गेलं कुठे? कुठेच नाही, खात्यात पडून राहिलं आणि पडून राहिलेला पैसा दुसऱ्याच कशावर तरी उडाला, कधी आजारपण, कधी सेल, कधी "एवढं केलंय तर आता एक चालतं". थेंबे थेंबे तळं साचतं हे खरं, पण तळ्याला खाली भोक असेल तर काय साचणार.

म्हणून माझी पद्धत एका गोष्टीवर उभी आहे. वाचवलेले किंवा जास्तीचे कमावलेले पैसे त्याच दिवशी, फार तर त्याच आठवड्यात, कर्जात टाकायचे. आज एक खर्च टाळला, लगेच मोबाईल काढला आणि तेवढी रक्कम कर्जाकडे ढकलली. रक्कम लहान असली तरी लाजायचं नाही. काही कर्जांना असे बारीकसारीक भरणे चालत नाहीत, तर त्यासाठी वेगळं बचत खातं ठेवा, त्याचं कार्ड घरी आणि अॅप फोनमधून काढलेलं, आणि ठरावीक रक्कम साठली की तिथून एकदम भरा.

आता सुरुवातीपासून सांगते.

आधी एका कागदावर सगळी कर्जं लिहा. सगळी म्हणजे खरंच सगळी, क्रेडिट कार्ड, पर्सनल लोन, फोनचे हप्ते, "आत्ता घ्या नंतर भरा" वालं अॅप, आणि मित्राकडून घेतलेले ज्याचा विषय दोघंही काढत नाही ते पण. प्रत्येकापुढे बाकी किती, व्याज किती, हप्ता किती, तारीख कुठली, उशीर झाला तर दंड किती. हे काम अर्ध्या तासाचं आहे पण लोक महिनोन्महिने टाळतात कारण एकूण आकडा बघायची भीती वाटते, मला वाटायची. घरात जोडीदार असेल तर हा कागद त्याला किंवा तिला दाखवाच, लपवून फेडताच येत नाही, कारण काटकसर घरातल्या सगळ्यांना करायची असते आणि का करायची ते माहीत नसेल तर चिडचिड होते.

व्याजदर लिहिताना एक बघा, दर फ्लॅट आहे की घटत्या बाकीवर. यात भलेभले फसतात. समजा १,००,००० घेतले (आकडे तुमच्या चलनात धरा, हिशोब तोच राहतो), ३ वर्षं, १२% फ्लॅट. व्याज झालं ३६,०००, हप्ता साधारण ३,७७८. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल परत करताय ना, तरी शेवटच्या वर्षातसुद्धा व्याज पूर्ण १,००,००० वरच चाललंय. घटत्या बाकीच्या हिशोबाने हाच दर २१% च्या वर जातो. त्यामुळे "१२% वालं स्वस्त, १८% वालं महाग" असं नुसत्या आकड्यावरून ठरवू नका, आधी दोन्ही एका मापात आणा.

आता क्रेडिट कार्डचं, कारण सगळ्यात मोठं भोक तिथंच असतं. बिलावर "किमान रक्कम" म्हणून एक आकडा असतो आणि तो भरला की आपल्याला वाटतं झालं, या महिन्याचं निभावलं. समजा बाकी १,००,०००, व्याज महिन्याला ३%, किमान भरणा बाकीच्या ५%. पहिल्या महिन्यात व्याज धरून बाकी होते १,०३,००० आणि तुम्ही भरता ५,१५०. पुढच्या महिन्यात बाकी थोडी कमी म्हणून किमान रक्कमही थोडी कमी. असं वर्षभर भरलं, नवीन एकही खरेदी केली नाही, तरी वर्षाच्या शेवटी बाकी असते ७७,००० च्या आसपास. भरलेत साधारण ५५,००० आणि कमी झाले जेमतेम २३,०००. कर्ज निम्म्यावर यायलाच ३२ महिने लागतात.

आणि आता गंमत बघा. तेच ५,१५० तुम्ही दर महिन्याला तसेच भरत राहिलात, बिलावरचा आकडा कमी झाला तरी आपला कमी केला नाही, तर ३० महिन्यांत कर्ज संपतं. निम्मं नाही, अख्खं. एक पैसा जास्त कमवायची गरज नाही, फक्त पहिल्या महिन्यातला आकडा धरून बसायचं. त्यात महिन्याला १,००० वाढवले तर २३ महिने. २,००० वाढवले तर १९. हा हिशोब मी पहिल्यांदा केला तेव्हा मला स्वतःचाच राग आला होता, कारण किमान रक्कम कमी होत गेली की मला बरं वाटायचं!

दुसरी गोष्ट, बाकी शिल्लक असताना बहुतेक कार्डांवर बिनव्याजी मुदत मिळत नाही, नवीन खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. म्हणजे पॉइंट मिळतात म्हणून कार्ड वापरणं म्हणजे शुद्ध तोटा. कार्ड कपाटात ठेवा, वेबसाइटींवर सेव्ह केलेला नंबर काढून टाका, हे दुसरं जास्त महत्त्वाचं. आणि बऱ्याच कार्डांवर व्याज रोजच्या बाकीवर मोजतात त्यामुळे पैसे आले की देय तारखेची वाट न बघता भरून टाकलेले बरे.

कुठलं कर्ज आधी? हिशोबाने बघितलं तर सगळ्यांचे ठरलेले हप्ते भरून उरलेले सगळे पैसे सगळ्यात जास्त व्याजवाल्यावर, ते संपलं की त्याचा हप्ता प्लस जास्तीचे पैसे पुढच्यावर. काही लोक आधी सगळ्यात लहान कर्ज संपवतात, व्याज थोडं जास्त जातं पण यादीतलं एक नाव खोडलं की हुरूप येतो. माझं मत विचाराल तर दरांमध्ये फार फरक नसेल तर लहान आधी, पण कार्ड ३६% ने आणि दुसरं १२% ने चाललं असेल तर हुरूप वगैरे बाजूला ठेवा आणि कार्ड मारा. मित्राच्या उसन्याला व्याज नसतं, पण त्याला स्वतःहून सांगा की दर महिन्याला इतके देईन, आणि द्या.

या सगळ्याच्या आधी एक छोटी गंगाजळी. एका महिन्याचा अत्यावश्यक खर्च निघेल एवढी, तेवढं नाही जमलं तर निम्मी. लोक म्हणतात व्याज चालू असताना पैसे बाजूला कशाला, पण दुष्काळात तेरावा महिना येतोच, गाडी बंद पडते, दात दुखतो, आणि हातात काही नसलं की परत कार्डच बाहेर येतं. मग दोन महिन्यांची मेहनत पाण्यात.

काटकसरीबद्दल थोडं उलटं बोलते. बारीक खर्चांवर लोक फार जीव काढतात, आणि मोठ्याला हात लावत नाहीत. आधी जे दर महिन्याला आपोआप कापलं जातं ते बघा, कारण ते एकदा कमी केलं की दर महिन्याला वाचतं आणि रोज मन मारायला लागत नाही. गेल्या ३ महिन्यांचं बँक स्टेटमेंट घेऊन बसा, सबस्क्रिप्शन, न जाणारी जिम, मोबाईलचा गरजेपेक्षा मोठा प्लॅन, न वापरलेलं क्लाउड स्टोरेज. वर्षातून एकदा कापलं जाणारं पण शोधा, ते लपून बसतं. भाडं सगळ्यात मोठा आकडा असतो, करार संपत आला असेल तर छोट्या जागेचा किंवा एखादी खोली कोणाबरोबर वाटून घ्यायचा विचार करा, एवढ्या एका गोष्टीने बाकीच्या वीस काटकसरींइतका फरक पडतो.

विजेचं पण तसंच. आमच्याकडे दिवा चालू राहिला की आरडाओरडा, आणि गरम पाणी मात्र धो धो. २० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला साधारण ०.६ युनिट वीज लागते, आणि तेवढ्यात ९ वॅटचा एलईडी दिवा ६० तासांहून जास्त चालतो! म्हणजे दिवे बंद करा जरूर, पण आधी जे तापवतं आणि जे थंड करतं त्याच्याकडे बघा.

खरेदीला यादी घेऊनच जायचं, भुकेल्या पोटी जायचं नाही, आणि पाकिटावरची किंमत न बघता वजनामागची किंमत बघायची, मोठं पाकीट नेहमी स्वस्त पडतंच असं नाही. काही घ्यावंसं वाटलं तर वहीत तारीख टाकून लिहायचं आणि आठवडाभर थांबायचं, माझ्या वहीतल्या निम्म्याहून जास्त गोष्टी आठवड्याने मलाच हास्यास्पद वाटल्या.

काय कापायचं नाही तेही सांगते. औषधं, आरोग्य विमा, दातांचं काम, ज्या गाडीवर किंवा मशीनवर पोट आहे तिची सर्व्हिसिंग. आणि महिन्याला थोडे का होईना मजेचे पैसे ठेवा, नाहीतर तिसऱ्या महिन्यात बांध फुटतो आणि एका संध्याकाळीत सगळं वाहून जातं.

आता कमाई. काटकसरीला तळ असतो, एका मर्यादेखाली खर्च जातच नाही, म्हणून वरून थोडं यावं लागतं. सगळ्यात सोपी सुरुवात घरातूनच, वर्षभर हात न लावलेलं विकून टाका, जुना फोन, सायकल, पुस्तकं, कॅमेरा. फोटो दिवसाउजेडी काढा, दोष आधीच सांगा, आणि तसलीच वस्तू बाकीचे कितीला विकतायत ते बघून किंमत लावा. मी काय दिलं होतं याला काही अर्थ नसतो, घेणारा काय देतोय तीच किंमत.

मग काम. नवीन काहीतरी शिकून कमवू या नादात लोक आधी कोर्सला पैसे घालतात, तसं करू नका. जे येतंय तेच विका. मुलांच्या शिकवण्या, कपड्यांची दुरुस्ती, भाषांतर, टायपिंग, एखाद्या छोट्या धंद्याचा हिशोब लिहून देणं, कोणी गावाला गेलं तर त्यांच्या कुत्र्या-मांजरांना सांभाळणं, म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात नेऊन आणणं, ऑफिसात ओव्हरटाइम मिळत असेल तर तो. फक्त प्रत्येक कामाचा तासाला हातात काय उरलं असा हिशोब करा. डिलिव्हरीचं काम करणारे दिवसाची कमाई सांगतात पण त्यातून पेट्रोल, टायर, सर्व्हिसिंग, अॅपचं कमिशन आणि वाट बघण्यात गेलेला वेळ वजा करत नाहीत, केलं तर कधीकधी चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला निघतो. जास्तीच्या कमाईवर कर लागू होत असेल तर त्याचे पैसे तेव्हाच बाजूला काढा. आणि किती महिने करणार ते आधी ठरवा, सहा म्हणजे सहा, झोप मोडून वर्षभर कोणी ओढू शकत नाही.

फसवणुकीचं विसरू नका, कारण कर्जातला माणूस सगळ्यात सोपं सावज असतो. काम देण्याआधी पैसे मागतोय, "रजिस्ट्रेशन", "डिपॉझिट", "किट", तर ते काम नाही. व्हिडिओ लाइक करायचे पैसे देणारे सुरुवातीला थोडे खरंच देतात आणि मग मोठी रक्कम भरायला लावतात. ज्या धंद्यात माल विकण्यापेक्षा माणसं जोडायला सांगतात तो पण सोडा. आणि पाच मिनिटांत लोन देणारं अॅप, जे कॉन्टॅक्ट आणि फोटोंची परवानगी मागतं, त्याच्या वाटेला जाऊच नका, जुना हप्ता भरायला तर मुळीच नाही.

हप्ता चुकणार असं दिसत असेल तर चुकायच्या आधी फोन करा. मुदत वाढवून हप्ता कमी करणं, काही महिन्यांची सवलत, असं काहीतरी बऱ्याचदा मिळतं, पण आधी विचारलं तर. जे ठरेल ते लेखी किंवा ईमेलवर घ्या आणि सवलतीच्या काळात व्याज चालू राहतं का ते विचारा, बहुतेकदा राहतं. "सेटलमेंट" म्हणजे थोडे भरा बाकी सोडतो, हे ऐकायला गोड, पण त्याची नोंद क्रेडिट रेकॉर्डवर वर्षानुवर्षं राहू शकते, त्यामुळे तो अगदी शेवटचा पर्याय. सगळी कर्जं एकत्र करून एकच कमी व्याजाचं घेणं चांगलं, पण दोन अटींवर, प्रोसेसिंग फी धरूनही खरंच स्वस्त पडलं पाहिजे आणि मोकळी झालेली कार्डं परत वापरायची नाहीत. माझ्या ओळखीत दोघांनी एकत्र केलं आणि वर्षात कार्डं पुन्हा भरली, आता दोन्ही चालू आहेत.

मुदतीच्या कर्जात जास्तीचे पैसे भरताना सांगायचं की हे मुद्दलात जमा करा आणि हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा. न सांगता भरलं की कधी तो पुढचा आगाऊ हप्ता धरला जातो, कधी हप्ता कमी करतात आणि मुदत तशीच, त्यात व्याज कमी वाचतं. मुदतीआधी फेडल्याचा दंड आहे का ते करारात बघा, असेल तर वाचणाऱ्या व्याजाशी तुलना करा.

शेवटचा हप्ता गेला की लगेच सगळं विसरून जाऊ नका. कार्डावर शेवटच्या बिलाच्या तारखेपासून भरण्याच्या दिवसापर्यंतचं व्याज पुढच्या बिलात येतं, लहान असतं आणि लोक न बघता सोडतात, मग त्यावर दंड. म्हणून पुढची दोन बिलं शून्य दिसेपर्यंत बघत राहा. लोन असेल तर काही बाकी नाही असं पत्र मागून घ्या, तारण ठेवलेली कागदपत्रं परत घ्या, बँकेतली ऑटो डेबिटची परवानगी रद्द करा, आणि दोनेक महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढून ते खातं बंद दाखवतंय का ते तपासा. नसेल दाखवत तर ते पत्र जोडून तक्रार टाका.