परिपूर्ण संख्या ओळखणारा प्रोग्राम: पायथॉनमध्ये पहिल्यापासून

एखाद्या संख्येचे तिला स्वतःला सोडून बाकी सगळे विभाजक घ्यायचे आणि त्यांची बेरीज करायची. बेरीज मूळ संख्येइतकीच आली, तर ती संख्या परिपूर्ण. २८ चे असे विभाजक १, २, ४, ७ आणि १४. बेरीज २८. १२ साठी १ + २ + ३ + ४ + ६ = १६ येतात, म्हणून १२ परिपूर्ण नाही. १०,००० पर्यंत अशा चारच संख्या आहेत: ६, २८, ४९६ आणि ८१२८.

उत्तरे आधीच माहीत असल्याने नवशिक्यांसाठी हा सराव उत्तम आहे. धोकाही तिथेच आहे. १०,००० पर्यंतची यादी छापून पडद्यावर चार बरोबर आकडे दिसले की प्रोग्राम बरोबर आहे असे वाटते, पण आतली बेरीज चुकत असूनही यादी बरोबर येऊ शकते. म्हणून बेरीज करणारे फंक्शन पहिल्यापासून वेगळे ठेवा आणि यादीआधी ते तपासा.

खालची कृती मराठीत मांडली आहे. पायथॉनमध्ये उतरवताना ‘जर’च्या जागी इफ (if), ‘जोपर्यंत’च्या जागी व्हाइल (while), ‘प्रत्येक’च्या जागी फॉर (for) आणि ‘परत दे’च्या जागी रिटर्न (return) घ्या. फंक्शनच्या पहिल्या ओळीआधी डेफ (def) लागते. ‘बेरीज’सारखी देवनागरी नावे पायथॉन ३ मध्ये चालतात. कोडमधले आकडे मात्र इंग्रजीच टाइप करावे लागतात. तिथे २ लिहिलात तर प्रोग्राम सुरूच होणार नाही. (वापरणाऱ्याने इनपुटमध्ये २८ असे देवनागरीत लिहिले, तर मजकुराची संख्या करणारे इंट (int) हे फंक्शन ते बिनतक्रार स्वीकारते.)

आधी साधी, सावकाश रीत:

विभाजकांची_बेरीज(न):
    बेरीज = ०
    प्रत्येक क, १ पासून न - १ पर्यंत:
        जर न % क == ०:
            बेरीज = बेरीज + क
    बेरीज परत दे

% हे चिन्ह भागाकाराची बाकी देते, == हे दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते पाहते. बाकी शून्य आली की क हा विभाजक. लूपला (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागाला) ओळीने आकडे देणारी पायथॉनची रेंज (range) शेवटचा आकडा धरत नाही, त्यामुळे रेंजमध्ये १ आणि न लिहिले की लूप आपोआप न - १ ला थांबते. इनपुटमधून येते ती संख्या नव्हे, मजकूर असतो. तो इंटमधून काढल्याशिवाय फंक्शनला देऊ नका.

आता तपासणी. फंक्शनला एकेक संख्या देऊन ही उत्तरे मिळतात का पाहा: १ साठी ०, ७ साठी १, ९ साठी ४, १२ साठी १६, १६ साठी १५, २४ साठी ३६, २८ साठी २८.

यात २४ मुद्दाम घेतला आहे. त्याचे विभाजक १, २, ३, ४, ६, ८, १२. शेवटचा १२ वगळला तर बाकीच्यांची बेरीज नेमकी २४ भरते! म्हणून यादीत २४ डोकावला तर दोन ठिकाणी शोधा. एक, बेरीज संख्येइतकी आहे का ही तुलना लूपच्या आत गेली आहे. ओळ चार जागा आत सरकली की प्रत्येक फेरीला तुलना होते आणि १२ मिळवण्याआधीच २४ ‘परिपूर्ण’ ठरतो. दोन, फेऱ्या वाचवण्यासाठी लूप न // २ पर्यंत नेले (// म्हणजे बाकी सोडून पूर्ण भागाकार), पण रेंजमध्ये त्याला + १ करायचे राहिले. मग प्रत्येक सम संख्येचा सर्वांत मोठा विभाजक गळतो. अशा वेळी १००० पर्यंतच्या यादीत ६, २८, ४९६ दिसत नाहीत आणि एकटा २४ छापला जातो.

बाकीच्या चुकाही यादीवरून ओळखू येतात. फक्त १ छापला गेला, तर बेरजेत संख्या स्वतःही मोजली जात आहे. काहीच छापले गेले नाही, तर बहुधा फंक्शन न करता सगळे एकाच लूपमध्ये लिहिले आहे आणि बेरीज प्रत्येक संख्येआधी शून्य होत नाही; मागच्या संख्यांची बेरीज साचत जाते.

ही रीत १०,००० पर्यंत चालवली तर सुमारे ५ कोटी भागाकार होतात. पायथॉनमध्ये तेवढ्याला काही सेकंद सहज लागतात. विभाजक जोडीने येतात हे वापरले की काम फार कमी होते: २८ मध्ये २ सापडला की १४ सापडलाच, ४ सापडला की ७. त्यामुळे वर्गमुळापर्यंतच शोधायचे.

विभाजकांची_बेरीज(न):
    जर न < २:
        ० परत दे
    बेरीज = १
    क = २
    जोपर्यंत क * क <= न:
        जर न % क == ०:
            बेरीज = बेरीज + क
            जोडी = न // क
            जर जोडी != क:
                बेरीज = बेरीज + जोडी
        क = क + १
    बेरीज परत दे

परिपूर्ण_आहे(न):
    न > १ आणि विभाजकांची_बेरीज(न) == न, हे परत दे

१०,००० पर्यंतच्या ५ कोटी फेऱ्या आता पावणेसात लाखांच्या आत येतात. पुढची परिपूर्ण संख्या ३,३५,५०,३३६ आहे. ती एकटी तपासायला जुन्या रीतीने साडेतीन कोटींच्या आसपास फेऱ्या लागतात, नव्या रीतीने सहा हजारांहूनही कमी.

‘जोडी != क’ (जोडी क पेक्षा वेगळी असेल तर) ही ओळ पूर्ण वर्गांसाठी आहे. ती विसरली तर ९ मधला ३ दोनदा मोजला जातो आणि बेरीज ४ ऐवजी ७ येते. १०,००० पर्यंतच्या यादीत मात्र ही चूक दिसतच नाही, तेच चार आकडे छापले जातात. ती पकडायला ९ आणि १६ ची तपासणीच हवी. शेवटच्या फंक्शनमधले ‘न > १’ही काढू नका, शून्याची बेरीज शून्य येते आणि शून्य परिपूर्ण ठरतो. ‘क = क + १’ आतल्या ‘जर’खाली सरकले, तर पहिल्याच विभाजक नसलेल्या आकड्यावर लूप कायमचे अडकते. भागाकाराला // च वापरा, कारण / ने दशांश संख्या मिळते आणि फार मोठ्या संख्यांत तिचे शेवटचे अंक चुकतात. हाच प्रोग्राम सी भाषेत लिहिणार असाल, तर तिथल्या इंट या नेहमीच्या ३२ बिटांच्या पूर्णांक प्रकारात २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच मावते. सहावी परिपूर्ण संख्या ८,५८,९८,६९,०५६ आहे, तिच्यासाठी लाँग लाँग हा मोठा प्रकार घ्या.

त्याही पुढे जायचे तर एकेक संख्या तपासत बसण्यात अर्थ नाही. २ ** प - १ (** म्हणजे घात) ही मूळ संख्या असेल, तर २ ** (प - १) * (२ ** प - १) परिपूर्ण असते, हे ग्रीक गणितज्ञ युक्लिडने सिद्ध केले. सगळ्या सम परिपूर्ण संख्या याच रूपाच्या असतात, हे स्विस गणितज्ञ ऑयलरने. विषम परिपूर्ण संख्या आजवर एकही सापडलेली नाही. घातासाठी पायथॉनमध्ये ** लिहा. ^ चा अर्थ तिथे वेगळा आहे, २ ^ ५ चे उत्तर ७ येते. आणि प मूळ असणे पुरेसे नाही: प = ११ घेतल्यास २०४७ मिळतात, ते २३ × ८९ आहेत. म्हणून मूळ संख्येची तपासणी २ ** प - १ वर करा. त्यासाठी नवे काही लिहावे लागत नाही. त्या संख्येसाठी विभाजकांची_बेरीज नेमकी १ आली, की ती मूळ.