घरोघरी वाचलेलं विनोदी नाटक श्राव्य करताना

प्रत्येक जण आपापल्या घरी संवाद रेकॉर्ड करणार असेल, तर सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) ४४.१ किलोहर्ट्झ आणि मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचं ध्वनिमुद्रण, हे सगळ्यांचं सारखं ठेवा. माइक तोंडापासून वीतभर, किंचित तिरका; अगदी समोर धरला की ‘प’, ‘फ’ फुटतात. सुरुवातीला ५ सेकंद खोलीची शांतता घ्या, जोडताना फटी तिनेच बुजवायच्या असतात.

विनोद मरतो तो जोडकामात. एकटा वाचणारा समोरच्याचा सूर न ऐकताच उत्तर देतो. म्हणून समोरच्याचं आधीचं वाक्यही मोठ्याने म्हणा, नंतर कापता येतं. मध्येच तोडून बोलायच्या जागी संवाद पाव सेकंद एकमेकांवर चढवा. वरून हशा घालायचा मोह टाळा. रंगसूचना एकाच निवेदकाकडे, सपाट आवाजात. स्वगत मात्र माइकजवळ सरकून, हळू.