कनेक्शन गळतंय? पूल वाढवू नका, दोनवर आणा

नोकरीला लागून मला चार महिने झाले होते. आमचं स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कमधलं ॲप्लिकेशन जवळजवळ रोज दुपारी अडकायचं. आधी एखादं पान रेंगाळायचं, मग सगळीच पानं गोल गोल फिरत बसायची. लॉगमध्ये एकच तक्रार पुन्हा पुन्हा यायची: कनेक्शन उपलब्ध नाही, ३०,००० मिलिसेकंद थांबून विनंती सोडून दिली. सर्व्हर रीस्टार्ट केला की सगळं सुरळीत व्हायचं, ते दुसऱ्या दुपारपर्यंत.

डेटाबेसशी नवं कनेक्शन जोडायला वेळ लागतो, म्हणून काही कनेक्शनं आधीच जोडून पूलमध्ये ठेवतात. कोडने तिथून एक घ्यायचं, काम झालं की क्लोज करून परत द्यायचं. स्प्रिंग बूट २ पासून हे काम हिकारीसीपी हे पूल सांभाळणारं साधन करतं. त्यात मुळात जास्तीत जास्त १० कनेक्शनं असतात आणि एकही मोकळं नसेल तर ते ३० सेकंद वाट पाहतं. घेतलेलं कनेक्शन परत दिलं नाही, तर पूल ते स्वतःहून काढून घेत नाही. कनेक्शनचं कमाल आयुष्य अर्ध्या तासाचं असलं, तरी तो नियम वापरात असलेल्या कनेक्शनला लागू होत नाही. त्यामुळे परत न आलेल्या कनेक्शनांची ही गळती आपोआप भरून येईल, ही आशा सोडा.

मी पहिल्यांदा जे केलं ते बहुतेक नवखे करतात. पूल १० वरून ५० केला. दोन दिवस शांततेत गेले आणि मला खरंच वाटलं की प्रश्न सुटला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ॲप्लिकेशन पुन्हा अडकलं, आणि या वेळी रिपोर्टिंगवाल्यांनाही डेटाबेसमध्ये शिरता येईना. हिशोब साधा होता, मी तो केला नव्हता. आमचे सर्व्हर दोन, म्हणजे ५० दुणे १००. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस. त्यात कमाल कनेक्शनं मुळात १०० असतात आणि त्यातली ३ सुपरयूजरसाठी, म्हणजे मुख्य प्रशासकासाठी, राखीव. उरली ९७. आमच्या चुकीपायी दुसऱ्यांचं काम बंद पडलं, याचं मला फार वाईट वाटलं.

तेव्हा डेटाबेस सांभाळणाऱ्या आमच्या डीबीए मॅडमनी मला शेजारी बसवून पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी दाखवलं. कुठलं कनेक्शन काय करतंय, ते या व्ह्यूमध्ये दिसतं. आमच्या ॲप्लिकेशनच्या ओळींवर बोट फिरवत त्या म्हणाल्या, "हे बघ, सगळी आयडल आहेत. डेटाबेसकडे काहीच काम नाहीये. तुझा पूल म्हणतोय सगळी वापरात आहेत. मग ती कुणी धरून ठेवलीयेत?"

नुसतं आयडल दिसलं म्हणजे गळती, असं मात्र नाही. पूलमध्ये निवांत बसलेलं धडधाकट कनेक्शनही आयडलच दिसतं. म्हणून दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवायचे. पूलची सक्रिय संख्या कमाल मर्यादेला टेकलेली, डेटाबेसकडे मात्र शुकशुकाट, असं असेल तर कनेक्शन कोडमध्ये अडकलंय. डेटाबेसकडेही सगळी ॲक्टिव्ह असतील तर तुमची क्वेरी मंद आहे, तो वेगळा आजार. आणि 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' दिसलं तर कुणीतरी व्यवहार उघडा ठेवून दुसरीकडे गेलंय. त्या यादीत शेवटची क्वेरी आणि स्थिती कधी बदलली ती वेळही असते. आमच्या बहुतेक ओळींत क्वेरी एकच होती, एक्स्पोर्टच्या पानाची, आणि वेळा तासन् तास जुन्या.

मग हिकारीचा लीक डिटेक्शन थ्रेशोल्ड, म्हणजे गळतीचा इशारा देणारी वेळमर्यादा, २० सेकंदांवर लावला. मुळात तो बंद असतो. ठरलेल्या वेळेत कनेक्शन परत आलं नाही, की तो स्टॅक ट्रेस, म्हणजे कोड कुठून कुठे आला त्याची यादी, छापतो. तो कनेक्शन बंद करत नाही, फक्त बोंब मारतो. शिवाय कनेक्शन कुठे घेतलं तेवढंच तो सांगतो, परत करायचं कुठे राहिलं ते नाही. ते कोड वाचूनच शोधावं लागतं. रात्रीचा पाच मिनिटांचा रिपोर्टही त्यात सापडतो. तशा वेळी थोड्या वेळाने 'कनेक्शन परत आलं' अशी ओळ दिसते. ती ओळ आली नाही, तर तिथेच खोदायचं.

ट्रेस एक्स्पोर्टच्या मेथडपाशी पोचला. तिथे डेटासोर्सकडून (पूलमधून कनेक्शन देणारा ऑब्जेक्ट) थेट कनेक्शन घेतलं होतं, आणि क्लोज अगदी शेवटच्या ओळीत लिहिलं होतं. मध्ये एक अट होती: निवडलेल्या तारखांत एकही ऑर्डर नसेल तर रिकामी फाइल देऊन रिटर्न. त्या वाटेने गेलं की क्लोजपर्यंत पोचायचंच नाही. कुणीतरी सुट्टीच्या दिवसाची तारीख टाकायचं आणि एक कनेक्शन जायचं. दहा वेळा असं झालं की सर्व्हर अडकला.

खात्री करण्यासाठी मी माझ्या मशीनवर पूल २ वर आणला आणि वाट पाहण्याची मुदत ३ सेकंदांवर. रिकाम्या तारखेने एक्स्पोर्ट दोनदा दाबलं, चाललं. तिसऱ्यांदा दाबलं, तीन सेकंद काहीच नाही, आणि मग तीच ओळखीची तक्रार. दुपारपर्यंत वाट पाहून जे दिसायचं, ते तीन क्लिकमध्ये हाती आलं. म्हणून नव्या मुलांना मी कळकळीने सांगतो: गळतीचा संशय आला की पूल मोठा नका करू, आपल्या मशीनवर लहान करा. ज्या ज्या वाटेने मेथड संपते, त्या सगळ्या एकेक करून तीनदा दाबा. रिकामा निकाल, चुकीचं इनपुट, मध्येच आलेलं एक्सेप्शन. नेहमीच्या सरळ वाटेवर गळती सहसा सापडत नाही.

दुरुस्ती चार ओळींची होती. जावा ७ पासून ट्राय-विथ-रिसोर्सेस आहे. कनेक्शन, स्टेटमेंट आणि रिझल्टसेट त्यात उघडले की कुठूनही बाहेर पडलात तरी ते बंद होतात. पूल पुन्हा १० वर आणला. त्या तीन क्लिकचीच टेस्ट लिहिली, पूल २ ठेवून, आणि ती अजूनही प्रत्येक बिल्डला चालते.