फाइलींच्या ढिगातून राग शोधायचा तर

शास्त्रीय संगीताच्या हजारो एमपीथ्री फाइल्स असतील, तर फोल्डरवर भिस्त ठेवू नका. ध्वनिमुद्रण गायकाच्या फोल्डरमध्ये ठेवायचं की रागाच्या, हा घोळ मिटत नाही. टॅगमध्ये, म्हणजे फाइलीतच साठवलेल्या माहितीत, दोन्ही लिहिता येतं.

विंडोजवर एमपीथ्रीटॅग हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. फाइलींची नावं ‘यमन - विलंबित एकताल’ अशा ठरावीक साच्यात असतील, तर त्यांवरून शेकडो टॅग एका फटक्यात भरता येतात. राग आणि तालासाठी वेगळे रकाने करा. तुमचा प्लेअर ते दाखवत नसेल, तर राग सरळ ‘जॉनर’मध्ये टाका. शुद्धतावादी नाक मुरडतील, मुरडू देत! लेखन मात्र एकसारखं हवं. ‘मालकंस’ आणि ‘मालकौंस’ हे प्लेअरच्या लेखी दोन वेगळे राग.

देवनागरीऐवजी प्रश्नचिन्हं दिसली, तर बहुधा जुना आयडीथ्री व्ही १ टॅग (एमपीथ्रीच्या टॅगची पहिली आवृत्ती) वाचला जातोय. त्यात युनिकोडची, म्हणजे देवनागरीसकट सगळ्या लिप्यांच्या संकेतप्रणालीची, सोय नाही, शीर्षकालाही जेमतेम ३० अक्षरं. तो काढून टाका आणि टॅग नव्या व्ही २.३ आवृत्तीत, यूटीएफ-१६ या युनिकोड प्रकारात साठवा. अर्थात, त्याआधी संग्रहाची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या.