पावसाळ्यातील खते आणि फवारणी मिश्रणे: रूप बदलले की पदार्थच बदलला?

दमट हवा सुरू झाली की साठवलेल्या खतांच्या ढेपा होतात, गोण्यांना पाणी सुटते आणि खत वापरावे की टाकून द्यावे, असा प्रश्न पडतो. झालेला बदल भौतिक आहे की रासायनिक, हे ओळखल्यावरच तो सोडवावा. कारण भौतिक बदलात केवळ रूप पालटते, तर रासायनिक बदलात नवा पदार्थ तयार होतो आणि मूळ खत बहुधा परत मिळत नाही.

युरियाची ढेप हा भौतिक बदल होय. सुमारे 30 अंश सेल्सिअस तापमानात हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण 73 टक्क्यांच्या वर गेली की युरिया हवेतील पाणी ओढून घेतो, दाण्यांचा पृष्ठभाग विरघळतो आणि पुढे हवा कोरडी होताच त्याच द्रावणाचे स्फटिक बनून दाणे एकमेकांना चिकटतात. यात 46 टक्के नत्र जसेच्या तसे राहते, म्हणून अशी ढेप फोडून, चाळून निर्धास्त वापरावी. मात्र गोणीतून पाझरून गेलेले द्रावण म्हणजे गेलेले नत्र. त्यामुळे गोण्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचाव्यात आणि उघडलेल्या गोणीचे तोंड घट्ट बांधावे.

युरिया आणि अमोनियम नायट्रेट यांचे कोरडे मिश्रण मात्र कधीही करू नये. स्वतंत्रपणे ही खते बऱ्यापैकी दमटपणा सोसतात, पण एकत्र आल्यावर अवघ्या 18 टक्के आर्द्रतेलाही ती पाणी धरतात. युरिया व सुपर फॉस्फेटही आदल्या दिवशी मिसळून ठेवू नये. सुपर फॉस्फेटमधील स्फटिकजल, म्हणजे स्फटिकात बांधलेले पाणी, सुटून मिश्रणाचा चिखल होतो.

अमोनियमयुक्त खत चुन्याबरोबर मिसळल्यास डोळ्यांना झोंबणारा उग्र वास येतो. हा अमोनिया वायू म्हणजे हवेत निघून चाललेले नत्रच, आणि येथे चाळणी उपयोगाची नाही. ठिबकच्या टाकीत कॅल्शियम नायट्रेट व सल्फेटयुक्त खत एकत्र ओतल्यास जिप्सम तयार होऊन तळाशी पांढरा साका बसतो व तोट्या बुजतात. मोठी टाकी भरण्यापूर्वी त्याच पाण्यात, त्याच प्रमाणात थोडे द्रावण काचेच्या बरणीत करून पाहावे; गढूळपणा आल्यास ती खते वेगवेगळ्या दिवशी सोडावीत. युरिया विरघळताना पाणी गार पडते, हा मात्र दोष नाही. ढवळत थोडा वेळ द्यावा.

बोर्डो मिश्रणात, म्हणजे मोरचूद व चुन्याच्या बुरशीनाशक फवाऱ्यात, रासायनिक बदल आपणच घडवून आणतो. एक टक्का मिश्रणासाठी 1 किलो मोरचूद (तांब्याचे सल्फेट), 1 किलो कळीचा चुना आणि 100 लिटर पाणी घ्यावे. मोरचुदावर पांढरट भुकटी दिसली तर केवळ त्यातील स्फटिकजल उडालेले असते, ते वापरण्यास हरकत नाही. उघड्यावर दीर्घकाळ राहिलेला चुना मात्र हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून कार्बोनेट बनतो व निकामी होतो, म्हणून चुना ताजाच घ्यावा आणि तो विरताना निघणाऱ्या उष्णतेपासून हात व डोळे जपावेत. प्लास्टिकच्या किंवा लाकडी भांड्यात मोरचुदाचे द्रावण चुन्याच्या निवळीत नव्हे, तर ढवळलेल्या दुधाळ द्रावणात हळूहळू ओतावे. नंतर घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा काही मिनिटे मिश्रणात बुडवावा. त्यावर तांबूस थर चढल्यास तांबे मोकळे राहिले आहे व पाने करपतील, असे समजून थर येईनासा होईपर्यंत चुन्याचे द्रावण वाढवावे आणि मिश्रण त्याच दिवशी फवारून संपवावे.