पूर ओसरल्यावर विहिरीचं पाणी: या चुका टाळा बाबांनो

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 43 फुटांच्या, म्हणजे धोक्याच्या पातळीच्या, खाली आली की दोन दिवसांत माझा फोन सुरू होतो. "पाणी चेक केलंय, टीडीएस 300 आलाय, प्यायला हरकत नाही न्हवं?" आहे की ओ हरकत! टीडीएस मीटर पाण्यातले क्षार मोजतंय, जंतू नाही, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

2019 च्या पुरात शिरोळकडच्या आमच्या पाव्हण्यांची विहीर बुडालेली. उन्हाळ्यात तिचा टीडीएस 900 च्या वर असायचा, पुरानंतर आला 280. पाव्हणा खूश, म्हणतोय पुरानं विहीर धुऊन काढली बघ, लई भारी पाणी झालंय. आता पुराचं पाणी म्हणजे मूळचं पावसाचंच, क्षार कमी, ते विहिरीत शिरलं की आकडा खाली येणारच, पण येताना ते गोठे, उकिरडे, संडासाच्या टाक्या सगळ्यातनं फिरून आलेलं असतंय त्याचं काय? मी एचटूएसची बाटली (पाण्यात विष्ठेतले जंतू असले की काळी पडणारी तपासणीची बाटली) भरून त्यांच्याच फडताळात ठेवली, दुसऱ्या दिवशी बघतो तर आतलं पाणी काळंकुट्ट. तोवर घरातली दोन पोरं सलाईनवर. दहा सेकंदांत आकडा पाहिजे असतो सगळ्यांना, एक रात्र थांबायला नको.

दुसरी चूक टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची. ओंजळभर पावडर वरनं भिरकावली की झालं म्हणे काम! अरे आधी गढूळ पाणी उपसा, गाळात क्लोरीन वाया जातोय. मग विहीर मोजा: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, गुणिले 785, की लिटर आले. 4 मीटर व्यास, 6 मीटर पाणी म्हणजे साधारण 75 हजार लिटर. हजार लिटरला 5 ग्रॅम धरलं तर पावणेचारशे ग्रॅम. बादलीत कालवायचं, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी विहिरीत सोडायची, आणि निदान अर्धा तास पाण्याला हात लावायचा नाही. मी तर रात्री टाकतो, सकाळी ओटी टेस्ट करतो, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का बघतो, पिवळा रंग आला तरच पुढं. आणि पावडर दरवेळी नवीन घेतो, पावसात उघड्या पडलेल्या पोत्यात क्लोरीन राहतोय कुठं?

पाणी नितळ दिसतंय म्हणून पिणारे 2012 ची इचलकरंजीत पाण्यातनं पसरलेली कावीळ विसरले वाटतं.

उकळून जंतू मरतात, पण खतातनं पाण्यात उतरणारं नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून वाढतंय. आपल्या ऊसपट्ट्यात युरिया काय कमी पडतोय होय? पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे, आणि सगळ्यात जास्त धोका बाटलीनं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला, कारण दुधाची पावडर त्याच पाण्यात कालवतात. म्हणून रिपोर्ट बघायच्या आधी मी विचारतो, पाणी पितंय कोण आणि किती दिवस? तेच पाणी नुसतं उसाला सोडणार असाल तर नायट्रेटची काळजी कशाला करताय.

राहिलं सॅम्पल. लॅबवाले निर्जंतुक बाटली देतात, ती मागून घ्या, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. परवा एकानं देशीच्या क्वार्टरमध्ये पाणी भरून आणलं. म्हटलं भावा, यात जंतू सापडले तरी झिंगलेले सापडतील.